सीडी३४ मोजायचे सगळे प्रकार हातानं करून झाले, आता सांगते कुठला घ्यावा

मिक्सर, गिझर, स्कूटी यांचे रिव्ह्यू मराठीत ढिगानं मिळतात, पण लॅबमधली वस्तू घ्यायची म्हटली की कंपनीचा माणूस टाय लावून येऊन जे सांगेल तेच खरं धरायचं, दुसरा इलाज नसतो. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी सांगलीत एका लॅबमध्ये फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे लेझरनं एकेक पेशी मोजायच्या मशीनवर, बसते, त्याआधी पुण्यात सात वर्षं ट्रान्सप्लांटच्याच लॅबमध्ये काढली, आणि एवढ्या काळात ट्रान्सप्लांटच्या आधी स्टेम सेल मोजायचे जे प्रकार रोज वापरात आहेत ते सगळे करून झालेत. कुणाचे पैसे घेतलेले नाहीत, एका सेल्सवाल्यानं दिवाळीला डायरी आणि दोन पेनं दिलेली तेवढंच, त्यातलं एक पेन पहिल्या दिवसापासून बंद आहे.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. मायलोमा, लिम्फोमा असल्या रक्ताच्या कॅन्सरात पेशंटचेच स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं त्या मूळ पेशी, आधी काढून गोठवून ठेवतात, मग जबरदस्त डोसचा केमो देतात, त्यात बोनमॅरो पार रिकामी होते, आणि मग ठेवलेले सेल शिरेतून परत चढवतात, ते आपले आपण हाडात जाऊन बसतात आणि नवीन रक्त बनवायला लागतात. आपल्या देशात पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट मुंबईला टाटामध्ये १९८३ साली झालं, म्हणजे ही काय कालपरवाची गोष्ट नाही. प्रश्न एवढाच की चढवायला किती सेल पाहिजेत. पेशंटच्या वजनाच्या दर किलोमागं निदान २ मिलियन सीडी३४ पॉझिटिव्ह सेल, म्हणजे अंगावर सीडी३४ नावाची खूण असलेले स्टेम सेल, ४-५ मिलियन असतील तर डॉक्टर निवांत झोपतात. कमी पडले तर काउंट वर यायला उशीर, प्लेटलेट तर रेंगाळतच बसतात.

आणि सेल काढायला पेशंटला एफेरेसिसच्या मशीनवर (रक्तातून सेल वेगळे काढून बाकीचं रक्त परत देणारं) कधी बसवायचं ते पण याच आकड्यावर. जी-सीएसएफची, म्हणजे मॅरोला पेशी सोडायला लावणारी, इंजेक्शनं चालू केली की चौथ्या-पाचव्या दिवशी सेल मॅरोतून रक्तात उतरतात, सकाळी रक्त घ्यायचं, मायक्रोलिटरला २० च्या वर दिसले तर बसवा, १० च्या खाली असतील तर थांबा नाहीतर प्लेरिक्साफॉर हे सेल रक्तात उतरवणारं दुसरं औषध द्या, आणि मधले १० ते २० म्हणजे सगळ्यांचीच डोकेदुखी कारण प्लेरिक्साफॉर स्वस्त नाही. इंजेक्शनांनी त्याच एका मायक्रोलिटरमधे पांढऱ्या पेशीच ४० हजारांवर गेलेल्या असतात, लाल पेशी तर लाखांत, त्या गर्दीत ही वीस डोकी शोधायची. दोन-तीन डोकी इकडची तिकडं झाली की निर्णय फिरतो. मोजायच्या पद्धतीवर एवढी भांडणं का होतात ते यावरून समजा.

मागच्या वर्षी वाळवा तालुक्यातले एक काका होते, मायलोमा, वजन ६२ किलो, ऊस आणि हळद लावणारा माणूस. रक्त घ्यायला गेले तर विचारलं, पोरी, रोज रोज काय मोजतीस एवढं. मी आपलं सोपं करून सांगितलं की काका, तुमच्या वजनाला किती सेल पुरतील ते बघतोय. म्हणाले, "म्हंजी एकरी बेणं किती लागतंय त्यो हिशेब की." मी म्हटलं हो अगदी तोच. तर लगेच पुढचं, "मग नुसतं मोजून काय करतायसा, डोळं फुटत्यात का ते बगा की." मी हसले पण आत चरकले, कारण या विषयात जेवढी चर्चा गेल्या तीस-चाळीस वर्षांत झालीय ती काकांनी दोन वाक्यांत उरकली. मोजायचं किती आहेत, की मोजायचं उगवतील किती. सगळ्या पद्धती या दोन प्रश्नांत कुठंतरी बसतात.

सगळ्यात जुनी आणि स्वस्त म्हणजे चेंबर. न्यूबावर चेंबर म्हणजे बारीक चौकटी आखलेली काच, कव्हरस्लिप, मायक्रोस्कोप, बोटानं दाबायचा काउंटर. ट्रायपॅन ब्लू टाकायचा, मेलेली पेशी निळी होते, जिवंत तशीच चकचकीत राहते. एकूण किती पेशी आणि त्यातल्या जिवंत किती हे कळतं, पण त्यातल्या स्टेम सेल कुठल्या हे डोळ्याला कळत नाही, त्या दिसायला साध्या लिम्फोसाइटसारख्याच. मॅरो किंवा नाळेचं रक्त असेल तर एकूण पेशींचा आकडा आजही लागतोच, म्हणून चेंबर फेकून देऊ नका, पण शिरेतून काढलेल्या सेलसाठी एवढ्यावर निर्णय घ्यायचे दिवस गेले. एक धोका मात्र सांगून ठेवते. गोठवलेली पिशवी परत वितळवली की ग्रॅन्युलोसाइट (पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार) पटापट मरतात, मग ट्रायपॅन ब्लूत ५५-६० टक्केच जिवंत असा आकडा येतो, वॉर्डातून घाबरून फोन येतात, आणि त्याच पिशवीत सीडी३४ वाल्या पेशी ९० टक्क्यांच्या वर ठणठणीत असतात. उसाची पाचट वाळली म्हणून डोळा मेला असं होत नाही ना, तसंच.

मग सीडी३४ आलं. १९८४ साली अमेरिकेत कर्ट सिव्हिन यांनी एक अँटिबॉडी काढली जी कोवळ्या पेशींनाच चिकटते, ज्या खुणेला ती चिकटते तिलाच पुढं सीडी३४ हे नाव पडलं, आणि तिथून आमचा धंदा बदलला. अँटिबॉडीला रंग लावायचा, लेझरपुढून एकेक पेशी पळवायची, रंग चमकला की मोज. ऐकायला सोपं वाटतं. सुरवातीला मात्र जो तो आपल्या मनानं गेट, म्हणजे कुठल्या पेशी मोजणीत धरायच्या ती चौकट, लावायचा, एकच रक्त दोन लॅबला पाठवलं तर आकडे दुप्पट-तिप्पट वेगळे. १९९६ ला इशेज या संस्थेची पद्धत आली तेव्हा कुठं शिस्त लागली. आधी सीडी४५ वाले, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशी, घे, त्यातले सीडी३४ वाले घे, त्यातले ज्यांचं सीडी४५ फिकं आणि साइड स्कॅटर (आतल्या दाण्यांवरून बाजूला फाकणारा उजेड) कमी तेवढेच ठेव, मग आकार लिम्फोसाइट-ब्लास्टच्या (लहान आणि कोवळ्या पेशींच्या) जागेत बसतो का बघ. चार चाळण्या. शेवटच्या चाळणीत जे राहतं ते तुमचं. आजही जगभर हेच चालतं आणि माझ्या मते या विषयात एवढं शहाणपणाचं काम दुसरं झालेलं नाही.

इशेज सुद्धा दोन तऱ्हेनं करता येतं आणि खरा रिव्ह्यू इथून सुरू होतो.

पहिली तऱ्हा ड्युअल प्लॅटफॉर्म. फ्लोवर फक्त टक्के काढायचे आणि पांढऱ्या पेशींचा आकडा सीबीसीच्या, म्हणजे नेहमीच्या रक्त तपासणीच्या, काउंटरवरून घ्यायचा, मग गुणाकार. खर्च कमी, मणी लागत नाहीत, महागडी ट्यूब लागत नाही, त्यामुळं मालकांना ही पद्धत फार आवडते. माझी पुण्यातली पहिली दोन वर्षं यावरच गेली. आता हिशोब बघा. पांढऱ्या पेशी ४२,००० आणि सीडी३४ ०.०५ टक्के, म्हणजे २१. बसवा पेशंटला. तेच ०.०४ आलं तर १७, थांबा. ०.०६ आलं तर २५, बिनधास्त. दशांशाच्या दुसऱ्या घरातला एक आकडा हलला की पेशंटचा दिवस बदलतो. वर सीबीसीच्या मशीनची आपली वेगळी नाटकं, न्यूक्लियस असलेल्या लाल पेशी आल्या की काही मशीन त्यांना पांढऱ्यातच धरतात, आणि एफेरेसिसच्या पिशवीतला काउंट दोन-तीन लाखांवर असतो तो काही मशीनच्या रेंजच्या बाहेर, मग पातळ करा, मग पातळ करताना झालेली चूक परत गुणून घ्या. दोन मशीनच्या चुकांचं लग्न लावल्यासारखं आहे हे. कमी बजेटात काहीच नसण्यापेक्षा ठीक, पण नवीन लॅब टाकताय आणि अजून खरेदी व्हायचीय तर इकडं जाऊच नका.

दुसरी तऱ्हा सिंगल प्लॅटफॉर्म, १९९८ पासून चालू आहे, आणि मी सध्या जे रोज करते ते हेच. यात रक्ताबरोबर मोजलेले मणी असतात, म्हणजे अगदी बारीक चमकणारे बीड्स. किती मणी टाकले ते माहीत, त्यातले किती मशीनमधून गेले ते दिसतं, त्याच वेळात सीडी३४ किती गेले ते पण दिसतं, त्रैराशिक मांडलं की थेट मायक्रोलिटरला किती ते मिळतं, काउंटरची गरजच नाही. वर ७-एएडी नावाचा रंग टाकायचा, तो मेलेल्या पेशीतच शिरतो, म्हणजे फक्त जिवंत सीडी३४ मोजले जातात. काकांच्या दोन्ही प्रश्नांचं एका ट्यूबमधे अर्धंअधिक उत्तर.

यात पण दोन प्रकार मिळतात. बीडी कंपनीच्या ट्रूकाउंट ट्यूबमधे मण्यांची वाळवलेली गोळी आधीच तळाशी असते, वर स्टीलची बारीक जाळी, पाकिटावर त्या लॉटचा आकडा छापलेला. बेकमन कूल्टरच्या स्टेमकिटमधे मणी पाण्यात, बाटलीतून आपण पिपेटनं टाकायचे. मला कुणी विचारलं कुठला चांगला, तर दोन्ही चांगले, तुमच्याकडं ज्याचं मशीन आहे त्याचाच घ्या, उगाच एकाचं किट दुसऱ्याच्या मशीनवर चालवायचा शहाणपणा नको. फरक कामात आहे. गोळीवाल्यात फक्त रक्त मोजून टाकायचं असतं, एकच चूक होऊ शकते. बाटलीवाल्यात रक्त आणि मणी दोन्ही, पण दोन्ही एकाच पिपेटनं एकाच पद्धतीनं टाकले तर पिपेटची चूक दोन्हीकडं सारखी होऊन कापली जाते, ही त्यातली गंमत आहे. फक्त मणी खाली बसतात, बाटली नीट हलवली नाही तर सगळंच मुसळ केरात, आणि जोरात हलवली तर फेस.

आता एक ट्यूब कशी होते ते सांगतेच, कारण जाहिरातीत हे कुणी दाखवत नाही. सकाळी सात, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) जांभळी ट्यूब, हळू दहा वेळा उलटी-सुलटी. गोळीच्या ट्यूबमधे आधी २० मायक्रोलिटर अँटिबॉडी, २० मायक्रोलिटर ७-एएडी. मग रक्त १००. हे १०० म्हणजे १००. रिव्हर्स पिपेटिंग करायचं, म्हणजे बटण दुसऱ्या दाबापर्यंत दाबून जास्तीचं ओढायचं आणि सोडताना पहिल्या दाबावर थांबायचं, टिपमधे थोडं रक्त राहू द्यायचं, ते बघून नवीन पोरांचा हात शिवशिवतो की एवढं कशाला वाया घालवायचं आणि ते उरलेलं पण ढकलतात. नाही ढकलायचं. टिपच्या बाहेरून टिश्यू फिरवायचा पण तोंडाला लावायचा नाही. टिप जाळीच्या जरा वर भिंतीला टेकवून सोडायचं, गोळीला टोचायचं नाही. मग अंधारात २० मिनिटं, मग अमोनियम क्लोराइड २ मिली लाल पेशी फोडायला, १० मिनिटं, मग बर्फात आणि तासाभरात मशीनवर. फॉर्मॅलिन-बिर्मॅलिन असलेलं लाइज (लाल पेशी फोडायचं पाणी) वापरलं तर ७-एएडीला काही अर्थ राहत नाही कारण मग सगळेच मेलेले. हे मी एकदा घाईत केलेलं आहे, जिवंत शून्य टक्के असा रिपोर्ट बघून स्वतःच्याच कपाळावर हात मारला, नशीब बाहेर नव्हता गेला.

दुसरी फजिती इथलीच, सांगलीतली. त्याच काकांचं चौथ्या दिवसाचं रक्त, दोन ट्यूब लावल्या, नियमच आहे की जोडीनं लावायच्या आणि दोघींत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एकीत २२ आले, एकीत १७. वीसच्या बरोबर अलीकडं-पलीकडं, म्हणजे मुद्दाम चेष्टा केल्यासारखं. बाहेर काकांचा मुलगा उभा, "मॅडम, आकडा आला का ओ?" डॉक्टरांचा फोन चालू. आमच्याकडचा ज्युनियर मुलगा साताऱ्याचा आहे, तो ट्यूब उजेडात धरून म्हणाला, ताई हे बघा. वरच्या कडेला रक्ताची एक बारीक रेघ सुकून बसलेली. तेवढ्या रक्ताला अँटिबॉडी लागलीच नव्हती, लाइज टाकल्यावर ते धुऊन खाली आलं आणि बिनरंगाचं म्हणून मोजणीतनं बाहेर. रेघ कुणाच्या हातची, माझ्याच. परत दोन ट्यूब लावल्या, २१ आणि २२. त्या तासाभरात त्या मुलानं बाहेर चार चहा घेतले असतील.

आणि कितीही सांभाळलं तरी मोजणीच मुळात नशिबाच्या खेळासारखी थोडी हलते. १०० सेल मोजले तर सरासरी १० टक्के इकडं-तिकडं होणारच, ४०० मोजले तर ५ टक्के, हे गणित कुठलीच कंपनी बदलू शकत नाही. त्या दिवशी मशीनवर २१२ सीडी३४ आले आणि ५,००० मणी, पाकिटावर ४९,५००, रक्त १००, करा गुणाकार, २१ येतात. म्हणून मी निदान १०० सीडी३४ आल्याशिवाय मशीन थांबवत नाही, आणि आकडा दहा-वीसच्या मधला वाटला तर अजून चालू ठेवते, मागं कितीही लाइन असू दे. पेशी गोळा करायच्या घाईत मोजायची घाई झाली तर ती घाई महागात पडते.

पिशवी आली की खेळ वेगळा. आता सेल खूप असतात, शोधायची अडचण नाही, अडचण पातळ करण्यात आणि पिशवी हलवण्यात. पिशवीच्या नळीत जे असतं ते पिशवीत असेलच असं नाही, नळी आधी पिळून परत भरून घ्यायची मग सॅम्पल काढायचं. काकांची पिशवी २१० मिली, मायक्रोलिटरला १,४०० सीडी३४, म्हणजे एकूण २९४ मिलियन, भागिले ६२, किलोला ४.७. एका दिवसात काम झालं. हेच १ ला २० पातळ करताना जरा हात सैल सुटून वीस टक्के कमी आलं असतं तर ३.८, आणि ४ चं टार्गेट धरून बसलेल्या डॉक्टरांनी माणसाला दुसऱ्या दिवशी परत चार-पाच तास मशीनला जोडलं असतं. माझ्या हातानं त्यांचा एक दिवस आणि एक किट वाचलं किंवा गेलं असतं, आकडा बिचारा काय करणार.

एक बारीक गोष्ट किटच्या पुस्तकात सहज नजरेतून सुटते. धुतलेले किंवा वितळवलेले सेल मोजताना पाण्यात प्रोटीन कमी असतं, मग मणी ट्यूबच्या भिंतीला चिकटतात, मणी कमी मोजले जातात आणि सीडी३४ चा आकडा उगाच फुगतो. आकडा फुगला की सगळे खूश म्हणून कुणी शंकाच घेत नाही. अशा वेळी पातळ करायच्या पाण्यात थोडं अल्ब्युमिन टाका.

बिनमण्यांचं पण एक मशीन असतं, ते सिरिंजनं ठरलेलंच पाणी ओढतं आणि थेट मोजतं. मण्यांचा खर्च वाचतो. पण नळीत एक गुठळी अडकली की ओढलेलं माप चुकतं आणि ते कळतही नाही, मण्यांच्या पद्धतीत निदान मणी कमी दिसले की डोक्यात घंटा वाजते. मी पंधरा दिवस डेमोला वापरलं, वाईट नाही, मी घेतलं नसतं.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात ते, एचपीसी, म्हणजे रक्त बनवणाऱ्या कोवळ्या पेशींचा आकडा. सिस्मेक्सच्या एक्सएन सिरीजच्या सीबीसी मशीनवर ही सोय मिळते, अँटिबॉडी नाही, बर्फ नाही, गेट नाही, पेशीचा आकार, आतलं सामान आणि रसायनाला ती कशी टिकते यावरून मशीन ठरवतं की ही कोवळी पेशी. चार-पाच मिनिटांत आकडा, एका टेस्टचा खर्च आमच्या किटच्या मानानं चिल्लर. मी आधी नाक मुरडलं होतं, म्हटलं हे काय फ्लोची बरोबरी करणार, पण खरं सांगायचं तर गावाकडच्या सेटअपला ही चीज भारी आहे. बरोबरी नाहीच करत, जिवंत-मेलेलं कळत नाही, वितळवलेल्या पिशवीला उपयोग नाही, आणि आकडा सीडी३४ च्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, आपल्या लॅबचा कटऑफ आपणच काढावा लागतो. पण सकाळी सातला एचपीसी भरपूर वर दिसला तर एफेरेसिसवाल्यांना सांगता येतं की मशीन प्राइम करायला (भरून तयार ठेवायला) घ्या, फ्लोचा आकडा नऊपर्यंत देते. आणि अगदी तळाशी दिसला तर महागडी ट्यूब फोडायचीच नाही, उद्या बघू. आमच्याकडं आता असंच चालतं, आणि महिन्याला ज्या ट्यूब वाचतात त्यात एचपीसीचा खर्च निघून वर उरतात. एका ट्यूबच्या पैशात विश्रामबागला चौघांचं जेवण आरामात होतं, त्यामुळं मालक पण खूश.

राहिलं कल्चर. सीएफयू म्हणतात, म्हणजे एका पेशीपासून वाढलेले झुबके (कॉलनी) मोजायचे. हे खरं काकांचं उत्तर, डोळे फुटतात का बघायची पद्धत. मिथाइलसेल्युलोज नावाचं मधासारखं घट्ट मीडियम, त्यात सेल मिसळायचे, छोट्या डिशमधे ओतायचे, ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि चौदा दिवस हात लावायचा नाही. १९६० च्या दशकातली ही कल्पना, म्हणजे सीडी३४ च्या कितीतरी आधीची, आणि आजही पेशी खरोखर वाढते का हे सांगणारी रोजच्या लॅबमधली पद्धत हीच. मला स्वतःला यातलं मोजणं फार आवडायचं. पांढऱ्या कॉलनी धुक्यासारख्या पसरट, आणि मधेच लाल कॉलनी, हिमोग्लोबिन भरलेली, आटपाडीच्या डाळिंबाचे दाणे कुणीतरी सुईच्या टोकाएवढे करून झुबक्यानं ठेवलेत असं वाटतं. दिवसभर स्क्रीनवरचे ठिपके बघून कंटाळलेल्या माणसाला ते बघितलं की बरं वाटतं.

पण मोजणी माणसागणिक बदलते. पुण्यात असताना एकाच डिशमधे मला ६२ आणि शेजारच्या टेबलवालीला ४८, दोघीही आपापल्या जागी ठाम, कारण ही एक मोठी कॉलनी की दोन चिकटलेल्या यावर दोघींचं एकमत होईना. शिवाय डिश सुकते, बाजूला पाण्याची डिश ठेवावी लागते, बुरशी आली की चौदा दिवस गेले, आणि आमच्याकडं वळवाच्या पावसात लाइट जाते तेव्हा इन्क्युबेटरचा बॅकअप धरतो की नाही याच्या काळजीनं मी दोन वेळा रात्री स्कूटीवरून लॅबला आलेय. नाळेच्या रक्ताची बँक असेल तर कल्चर पाहिजेच, वर्षानुवर्षं गोठवलेलं रक्त देण्याआधी ते उगवतं हे दाखवावं लागतं. पिशवी बरीच वर्षं पडून असेल, किंवा वितळवल्यावर शंका आली असेल, तेव्हा पण ठीक. रोजच्या ऑटोलोगस (पेशंटचेच सेल पेशंटला) कामात मात्र उत्तर उशिरा येतं. काकांचंच बघा, सेल चढवल्यापासून अकराव्या दिवशी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या वर गेले. त्यांच्या पिशवीचा तुकडा चढवायच्या दिवशी कल्चरला लावला असता तर आमची डिश अजून तीन दिवस बंदच असती. काकांच्या हाडातच डोळे फुटले आधी.

तर माझी खरेदी अशी असेल. फ्लो असेल तर सिंगल प्लॅटफॉर्म, मणीवालं, ७-एएडीसकट, यावर तडजोड नाही, पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला. सीबीसीचं नवीन मशीन घ्यायचंच असेल तर एचपीसीची सोय असलेलं बघा, त्याला चार. ड्युअलला दोन, ते पण हळहळत. कल्चरला मार्क देत नाही, ते ज्याला लागतं त्याला लागतंच.

आणि एक खरेदी जी कुठल्याच कोटेशनमधे नसते. पिपेट. लाखांचं मशीन, हजारांचं किट, आणि १०० ची पिपेट पाच वर्षांपूर्वीची, कॅलिब्रेशनचं स्टिकर पिवळं पडलेलं, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय. ती १०० ऐवजी ९२ सोडत असेल तर खऱ्या २१ चे १९ होतात, दोन्ही ट्यूबमधे होतात, म्हणून जोडी पण जुळते आणि कुणाला काही कळत नाही. आमच्याकडं दर महिन्याला काट्यावर पाणी टाकून तपासतो, १०० मायक्रोलिटर पाणी म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या आसपास, दहा वेळा टाकायचं आणि लिहायचं. ज्युनियरला कंटाळा येतो. साताऱ्याला घरी जाऊन येताना कंदी पेढे आणतो आणि म्हणतो ताई या महिन्याचं सोडा की. पेढे घेते, सोडत नाही.

किट मागवताना एवढं बघा. मणी आणि अँटिबॉडी २ ते ८ डिग्रीत यायला पाहिजेत, गोठायला पण नकोत. एका डिस्ट्रिब्युटरकडून, नाव घेत नाही, एप्रिलमधे बॉक्स आला तो दुपारभर बाहेरच्या पायरीवर पडलेला, आतले जेलपॅक पाण्यासारखे, वर म्हणतो मॅडम काही होत नाही. मी सही न करता परत पाठवला, आठ दिवस भांडले, बदलून मिळाला. तेव्हापासून बॉक्स उघडायचा तो आणणाऱ्या माणसाच्या समोर, आत थर्मामीटर टाकायचा, फोटो काढायचा, मग सही. आणि एक्स्पायरी बघूनच ऑर्डर द्या. आमच्यासारख्या ठिकाणी महिन्याला पेशंट मोजके, २५ टेस्टचं किट संपायच्या आत तारीख संपते, म्हणून मी आता ऑर्डरमधेच लिहून देते की निदान सहा महिने शिल्लक असतील तरच पाठवा, नाहीतर बॉक्स दारातून परत.